श्वासाचा जमाखर्च : ग्रँड कॅन्यनच्या तीन रात्री

प्रवासाला निघताना माणूस बरोबर काय काय घेतो? कपडे, औषधे, पाण्याची बाटली, वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही मात्र गेली चार वर्षे जिथे जातो तिथे चपलांच्या खोक्याएवढे एक यंत्र घेऊन जातो. रात्री झोपताना नाक-तोंड झाकणारा मास्क चेहऱ्यावर बांधायचा, त्याची नळी यंत्राला जोडायची आणि बटन दाबायचे. मग आम्ही झोपतो. यंत्र नसेल तर आम्ही झोपत नाही, नुसते आडवे होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्हाला झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मग मेंदू दचकून माणसाला क्षणभर जागे करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रभर चालते आणि ज्याचे त्याला कळत नाही. दवाखान्यात एक रात्र अंगाला तारा लावून तपासणी झाली, तेव्हा आमचा श्वास तासाला ३८ वेळा अडखळत असल्याचे निघाले. ३० च्या पुढे गेले की आजार तीव्र समजतात. त्याआधी आम्ही कचेरीत रजिस्टरवर मान टाकून पेंगत असू. सहकारी हसत. आम्ही म्हणत असू, कार्यकर्त्याचे जीवन आहे, बैठकांचे जागरण होते. घरच्यांना मात्र निराळे माहीत होते. आमच्या सहचारिणी रात्री अंधारात आमचे घोरणे थांबले की आकडे मोजत बसत. दहा, पंधरा, वीस... पुन्हा घोरणे सुरू झाले की त्या डोळे मिटत. अशी किती वर्षे त्यांनी मोजली याचा हिशेब आमच्याजवळ नाही.

या विकारावरचे हे यंत्र म्हणजे सीपॅप. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. यात प्राणवायूचे नळकांडे नसते. खोलीतलीच हवा किंचित दाबाने घशात सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. युक्ती साधी आहे, पण तिला वीज लागते. रात्रभर, न चुकता.

आमचे घोडे नेमके तेथेच अडले. यंत्र आल्यापासून आम्ही मुक्काम सोडले. शिबिर असो, लग्न असो, शेवटच्या एस.टी.ने अकोल्याला परत. गावाकडे रात्री वीज कधी जाईल याचा नेम नाही. आणि ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, कार्यकर्ता मुक्कामी राहिला नाही तर लोक मनातले बोलत नाहीत. दिवसा अर्ज, सह्या, दाखले होतात. खरी गाऱ्हाणी जेवणे उरकल्यावर, रात्री नऊनंतर ओट्यावर निघतात. त्या वेळी आम्ही एस.टी.त असू.

धाकट्याचे बोलावणे

आमचा धाकटा भाऊ अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात नोकरीला आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात त्याने आम्हा उभयतांना बोलावून घेतले. विमानात यंत्र हातातल्या सामानात घेतले. ते सामानाच्या पोटात टाकू नये, हरवले तर पहिलीच रात्र पंचाईत. तेथे पोचलो तर धाकट्याने बेत करून ठेवलेला.

"दादा, ग्रँड कॅन्यनला जाऊ. हॉटेलात नाही, ट्रेलरमध्ये राहायचे. तीन रात्री जंगलात."

"आणि यंत्र?"

"ट्रेलरमध्ये बॅटरी असते ना!"

ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, छोटी मोरी आणि संडास. मोटारीला जोडायचे आणि ओढत न्यायचे. अमेरिकेत सुटीच्या दिवसांत अशी घरे रस्त्याने मुंग्यांसारखी चालतात. काही तळांवर त्यांना विजेची, पाण्याची जोडणी मिळते, काही तळांवर नुसती जागा मिळते. हौशी लोक मुद्दाम जोडणी नसलेल्या ठिकाणी जातात. तारेपासून दूर राहण्यात त्यांना मौज वाटते.

धाकटा, त्याची पत्नी, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघे असे पाच जण सकाळी फिनिक्सहून निघालो. फिनिक्सला एप्रिलमध्येच आपल्याकडच्या मार्चअखेरीसारखे ऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसासारखे हात वर केलेले सग्वारो जातीचे उंच निवडुंग. मोटार चढू लागली तसे निवडुंग मागे पडले, झुडपे आली आणि फ्लॅगस्टाफ गाठेपर्यंत दोन्ही बाजूंना पाइनचे जंगल. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजारएक फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजार. अडीच-तीन तासांत आम्ही उन्हाळ्यातून हिवाळ्यात आलो. तेथून विल्यम्समार्गे उत्तरेला वळून दुपारी कॅन्यनच्या दक्षिण काठावर पोचलो.

मुक्काम मेथर तळावर होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचे पहिले संचालक स्टीफन मेथर यांचे नाव त्याला दिले आहे. पाइनच्या सावलीत तीनशेच्या वर जागा, पण एकाही जागेला विजेची जोडणी नाही. शेजारच्या तळावर जोडणी मिळते, पण तेथे आम्हाला जागा मिळाली नव्हती. रात्री जनरेटर लावायला मनाई. सकाळ-संध्याकाळ ठरावीक तासच.

पहिली रात्र

सहचारिणींनी पलंगाशेजारच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये यंत्राची पिन घातली. काही नाही. दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली. तेथेही काही नाही.

धाकटा म्हणाला, "वहिनी, ही सॉकेटे बाहेरून वीज जोडली तरच चालतात. बॅटरीवर फक्त दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा."

त्याने एक छोटा इन्व्हर्टर आणला होता, तो बारा व्होल्टच्या जोडणीत बसवला. यंत्र सुरू झाले. आम्ही नेहमीप्रमाणे यंत्राच्या टाकीत पाणी भरले. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्र ते पाणी तापवून वाफ देते, नळीही तापवते. बाहेर थंडी शून्याजवळ गेलेली. गॅसचा हीटर घरच्यासारखा मोठा ठेवला, पुतण्याने उशिरापर्यंत दिवा लावून चित्रे काढली आणि सारे झोपलो.

पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. पाठोपाठ यंत्र थांबले. हीटरचा पंखाही मंदावला. आम्हाला जाग आली ती नंतर. आधी जागल्या त्या सहचारिणी. त्या म्हणाल्या, आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून जाग आली.

येथे एक सांगायला हवे. यंत्र बंद पडले म्हणून माणूस लगेच गुदमरत नाही. आमच्या मास्कमध्ये झडप असते, हवेचा दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. पण आजार मात्र जागच्या जागी परत येतो. सात हजार फुटांच्या उंचीवर हवाही विरळ. आम्ही मास्क काढून, गोधडी गुंडाळून कुशीवर झोपलो. कुशीवर घसा कमी मिटतो. तरी डोळा लागला की श्वास अडखळे आणि सहचारिणी खांदा हलवत. अशी पहाट झाली. चार वर्षांनी त्यांना पुन्हा आकडे मोजावे लागले.

उजाडताना सारे मेथर पॉइंटवर गेलो. दरीवर ऊन पडत होते. २७७ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी १८ मैल रुंद आणि एक मैल खोल अशी ती घळ. तळाशी कोलोरॅडो नदी, वरून सुतळीएवढी. लाल, पिवळे, जांभळे थर एकावर एक, जुन्या दप्तरातल्या बांधून ठेवलेल्या फायलींसारखे. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, बघा ना!" आम्ही बघत होतो, पण डोळ्यांपुढे झोप होती. सहचारिणी कठड्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज रात्री परत जाऊ या. मला नाही झेपणार."

हिशेबाची वही

परत जायचे जवळजवळ ठरलेच होते. ते मोडले शेजारच्या ट्रेलरमधल्या एका आजींनी. सत्तरीच्या, निवृत्त, एकट्या फिरणाऱ्या. सकाळी त्यांनी आमच्या गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ पाहिले आणि हसून स्वतःच्या गालावर बोट ठेवले. तेथेही तेच वळ! त्या कित्येक वर्षे हेच यंत्र घेऊन रानोमाळ हिंडत होत्या.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुमची बॅटरी किती अँपिअर-तासांची आणि रात्री खर्च किती?"

आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे कचेरीत जमाखर्च लिहिणारे. आणि रात्रीच्या श्वासाचा जमाखर्च आम्ही मांडलाच नव्हता! लाज वाटली. लगेच वही काढली. धाकट्याकडे विजेचा प्रवाह मोजायचे यंत्र होते, आजींना अनुभव होता. आकडे असे निघाले.

जमेची बाजू : बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेले. पण ही शिशाची बॅटरी, मोटारीत असते त्या घराण्यातली. ती निम्म्याखाली उतरवू नये, उतरवली की व्होल्टेज पडते आणि आयुष्यही घटते. थंडीत तिची ताकद आणखी कमी. म्हणजे खरी जमा ५०, आणि बॅटरी जुनी असल्याने त्याहूनही कमीच.

नावेची बाजू : यंत्र, त्याची तापणारी टाकी, तापणारी नळी आणि वर इन्व्हर्टरची घट मिळून तासाला साडेचार, आठ तासांचे ३६. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा चालू असताना तासाला ७ खातो. रात्रभरात तो तीन तास चालला तर २१. दिवे, पंप वगैरे ६. एकूण ६३.

जमा ५०, खर्च ६३. तूट १३. अशा खात्याचा धनादेश परत येणारच, तो पहाटे तीनला आला.

आजी म्हणाल्या, "श्वासाला फार थोडी वीज लागते. जास्त लागते ती उबेला." यंत्रातला पंखा एकटा चालवला, पाणी तापवायचे बंद केले, तर तासाला जेमतेम एक अँपिअर. आणि इन्व्हर्टर तर मधला दलालच. तो बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरच्या विजेत रूपांतर करतो, मग यंत्राची पिन तीच वीज पुन्हा उतरवून चोवीस व्होल्ट करते. दोन्ही ठिकाणी गळती. त्याऐवजी बारा व्होल्टवरून थेट चोवीस करणारी, त्याच यंत्रासाठी बनवलेली तार मिळते.

"ती तार कोठे मिळेल?" आम्ही विचारले.

आजींनी आमच्या यंत्राची पिशवी मागितली, बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि न फोडलेले पुडके बाहेर काढले. धाकट्याने महिन्यापूर्वीच मागवून ठेवले होते आणि आम्ही आल्यावर पिशवीत टाकले होते. तो विसरला, आम्ही उघडून पाहिले नाही. दुसऱ्याच्या फायलीतली प्रत्येक टिपणी वाचणारे आम्ही, स्वतःच्या पिशवीतले पुडके वाचले नव्हते.

दुसरी आणि तिसरी रात्र

दिवसभर आम्ही कॅन्यन पाहिले आणि बॅटरीत जमा केली. धाकट्याकडे १०० वॉटचे घडीचे सोलर पॅनल होते. पाइनच्या झाडाखाली त्याचा उपयोग नाही. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज कितीतरी उतरते, हे मोजून पाहिले. मग पुतण्याला काम मिळाले. सावली सरकली की तो पॅनल सरकवे, जणू अंगणातले वाळवण. दिवसाकाठी वीसेक अँपिअर-तास जमा झाले. परवानगीच्या वेळेत आजींनी आपल्या जनरेटरची तार आमच्या ट्रेलरला दिली. परक्या मुलखात, परक्या बाईने!

रात्री पाणी तापवले नाही. इन्व्हर्टर काढून ठेवला, थेट तार जोडली. हीटर अगदी कमी ठेवला आणि वर आणखी एकेक ब्लँकेट घेतले. सकाळी वहीत मांडले : यंत्र ९, हीटर ११, इतर ४. एकूण २४. जमा शिल्लक! नाक कोरडे पडले, घसा थोडा खरखरला, पण त्या किमतीत झोप स्वस्तच होती.

तिसऱ्या दिवशी तळ सोडला. उद्यानाच्या दक्षिणेला कैबाब राष्ट्रीय वन आहे. तेथे ठरावीक भागांत पैसे न भरता उतरता येते. तळ नाही, नळ नाही, दिवा नाही. मातीच्या वाटेने आत जाऊन एका मोकळ्या माळाच्या कडेला ट्रेलर लावला. पॅनलला उघडे आकाश मिळाले. रात्री बाहेर आलो तर आकाशगंगा डोक्यावर पसरलेली. इतका अंधार आम्ही लहानपणानंतर पाहिला नव्हता. शांतता अशी की यंत्राचा वाऱ्यासारखा आवाजही ट्रेलरबाहेर ऐकू येईल असे वाटले.

सकाळी सहचारिणींना जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आले होते. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "काल मी मोजलंच नाही."

कॅमेरॉनच्या वाटेवर

येथे हा लेख संपला असता, तर आमच्या सुखाची कहाणी झाली असती. पण परतताना आम्ही पूर्वेचा रस्ता धरला. वाटेत डेझर्ट व्ह्यू येथे १९३२ साली मेरी कोल्टर या बाईंच्या आराखड्यावरून बांधलेला दगडी मनोरा पाहिला. पुढे कॅमेरॉनकडे उतरताना झाडे संपली आणि लाल, उघडा माळ सुरू झाला. हा नवाहो लोकांचा मुलूख. ते स्वतःला दिने म्हणतात. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या राखीव भूमींपैकी ही सर्वांत मोठी.

रस्त्याकडेला फळ्यांच्या टपरीत एक बाई चांदीचे व निळ्या खड्यांचे दागिने विकत होती. सहचारिणींनी एक जोड कर्णफुले घेतली. पैसे देताना त्या बाईने आमच्या गालाकडे पाहिले आणि विचारले, "हवेचे यंत्र का?"

"होय."

"माझ्या आईलाही असेच वळ पडतात."

मग बोलणे निघाले. तिची आई रस्त्यापासून बरीच आत राहते. घराला वीज नाही. छपरावर पॅनल, खाली दोन बॅटऱ्या. त्यावर दिवा, फोन आणि आईचे यंत्र. हिवाळ्यात दोन दिवस ढग राहिले की बॅटरी उतरते. मग मुलगा गाडी दाराशी लावतो, इंजिन चालू ठेवतो आणि गाडीतून तार ओढतो. बर्फात गाडी पोचलीच नाही तर आई खुर्चीत बसून रात्र काढते. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाऊसपाण्याविषयी बोलावे तसे सांगितले.

आम्ही वर पाहिले. टपरीपासून दूर माळावरून उच्च दाबाच्या विजेच्या तारा गेल्या होत्या, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत.

परतीच्या वाटेत धाकट्याने व आम्ही यावर वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो. याच नवाहो भूमीवर, पेज गावाजवळ, १९७० च्या दशकापासून नवाहो जनरेटिंग स्टेशन नावाचे प्रचंड औष्णिक वीजकेंद्र चालले. कोळसा त्यांच्याच आणि शेजारच्या होपी लोकांच्या जमिनीतून येई. त्या विजेचा मोठा वाटा कोलोरॅडोचे पाणी उपसून फिनिक्स आणि टुसॉन शहरांकडे नेणाऱ्या कालव्याच्या पंपांना जाई. ते केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाले. पण या काळात नवाहो भूमीवरची हजारो घरे विजेविना राहिली आणि आजही हजारो घरांत वीज नाही. २०१९ पासून त्यांचे स्वतःचे वीजमंडळ बाहेरच्या राज्यांतील वीज कामगारांची मदत घेऊन खांब रोवते आहे, दरवर्षी काही घरे उजळतात. धाकट्याच्या घरी आम्ही तीन आठवडे ज्या नळाचे पाणी प्यालो, त्या पाण्याच्या वाटेवर हा अंधार होता.

आम्ही तारेपासून दूर तीन रात्री राहिलो ती हौस होती. ट्रेलर परत केला की हौस संपली. त्या माऊलीच्या रात्रीला परत करण्याची सोय नाही. अंधार तोच, बॅटरी तीच, यंत्रही तेच. फरक एवढाच की आम्ही अंधार निवडला आणि तिच्या वाट्याला तो ठेवला गेला.

हे आम्हाला चटकन कळले, कारण आम्ही ते पाहिलेले आहे. आमच्या गावात वीज आली ती आधी पाटलाच्या वाड्यापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. शेवटचा खांब ओढ्याच्या अलीकडे उभा राहिला आणि कित्येक वर्षे तेथेच उभा राहिला. त्याच्या उजेडात बसून आम्ही तिसरीचे पाढे पाठ केले. ओढा काही फार रुंद नव्हता.

घरी आल्यावर

अकोल्याला आल्यावर आम्ही सर्वांत आधी बॅटरी घेतली. ही शिशाची नव्हे, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. महाग असते, पण वजनाला निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. यंत्राची थेट तार होतीच. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांच्यासाठी वहीतल्या चार नोंदी येथे उतरवून देतो.

एक, आपल्या यंत्राचा खर्च स्वतः मोजा, आणि एका रात्रीला लागेल त्याच्या दुप्पट जमा ठेवा. दोन, पाणी व नळी तापवणे बंद केले तर खर्च पाव-तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मात्र तसे चालेल का ते डॉक्टरांना विचारा. तीन, आपल्याच यंत्रासाठी बनवलेली थेट तार वापरा, भलतीच तार जोडू नका. चार, नव्या ठिकाणी जाण्यापूर्वी एक रात्र घरीच, मेन स्विचवर भरवसा न ठेवता, बॅटरीवर झोपून पाहा. चुकायचे तर घरी चुकावे. विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. मोठी बॅटरी विमानात नेता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गावी मुक्काम केला. चार वर्षांनंतर पहिल्यांदा. रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर माणसे जमली. रेशनकार्डाचे निघाले, मग घरकुलाच्या अडलेल्या हप्त्याचे निघाले, मग एका लेकीच्या सासरचे. साडेदहाला वीज गेली. कोणी उठले नाही, आम्हीही उठलो नाही.

झोपायला गेलो तेव्हा मास्क पाहून चुलत्यांची सून आधी घाबरली, मग जवळ आली. हळूच म्हणाली, "भाऊजी, आमचे मामंजीसुद्धा झोपेत थांबतात हो. मी दाराआडून मोजते. कोणाला सांगायचं म्हणून गप्प राहते."

आमच्या सहचारिणी तिच्याजवळ जाऊन बसल्या. किती आकड्यापर्यंत जातं, त्यांनी विचारले. दोघी बराच वेळ बोलत होत्या. पुढच्या महिन्यात चुलत्यांना अकोल्याला आणून तपासून घ्यायचे ठरले आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे मोजणारे कोणी असेल तर त्यांना विचारा. घोरणाऱ्याला काही माहीत नसते.